अंतराळयानाला ढकलणार काय? चाचणीत पेटलेली किंवा खरोखर उडालेली इंजिनंच सांगा

गच्चीवरून_दादर • शनिवार, रात्री १०.१५

आज लेकीला वरळीच्या नेहरू तारांगणात घेऊन गेलो होतो. आठवीत आहे. कार्यक्रम संपल्यावर दादरच्या बसची वाट बघत उभे होतो, तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, मंगळयानाला पोचायला दहा महिने लागले. मी मोठी होईन तेव्हाही दहाच लागतील?"

बस आली, घर आलं, माझं उत्तर काही आलं नाही. जेवणं झाल्यावर वाचत बसलो. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. उडताना यानाचं वजन सुमारे १३३७ किलो, त्यातलं ८५२ किलो नुसतं इंधन. कॅमेरा, अँटेना, सौरपट्ट्या, सांगाडा असं सगळं मिळून उरलेल्या पाचशे किलोंत. हे वाचल्यापासून झोप उडाली आहे.

जाणकारांनी मदत करावी. अवकाश वाकवणारी, प्रकाशाला मागे टाकणारी इंजिनं इथे नकोत. ज्याची कुठेतरी चाचणी झाली आहे, निदान ज्याचं गणित बसतं, तेवढंच लिहा. माझं आत्ताचं मत असं की जाळायच्या इंजिनांचा जमाना सरत आला आणि पुढचा अणूचा. चूक असेल तर खोडून काढा. उत्तर मात्र आठवीतल्या मुलीला सांगता येईल असं हवं.

विरार_फास्ट • रात्री १०.२२

खिडकीची जागा धरून ठेवतो. येऊ द्या सगळ्यांना.

फळा_खडू • रात्री ११.०५

दादरकर, तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा. तीस वर्षं शिकवते आहे, "किती वेळ लागेल" असं विचारणारी मुलं पुष्कळ भेटतात, "तेवढाच का लागेल" असं विचारणारी थोडी.

आधी ते ८५२ किलोंचं कोडं सोडवू. समजा, टाकी कोरडी पडलेल्या एखाद्या गडावर तीन दिवस राहायचं आहे. पाणी पाठीवर न्यायचं. ओझं वाढलं की घाम वाढतो, घाम वाढला की तहान वाढते, तहान वाढली की आणखी पाणी न्यावं लागतं. रॉकेटचंही तेच. उद्याच्या वेगासाठी लागणारं इंधन आज ढकलत न्यावं लागतं, आणि ते ढकलायलाही इंधन लागतं. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीनं हे १९०३ साली एका ओळीच्या समीकरणात मांडलं. त्यातून सुटायला एकच फट आहे, ती म्हणजे मागे फेकलेला वायू किती वेगानं बाहेर पडतो.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळून वाफ फार तर सेकंदाला साडेचार किलोमीटर वेगानं बाहेर पडते. त्याहून फारसं जास्त रासायनिक ज्वलनातून निघत नाही, कारण रेणूंच्या बंधांत तेवढीच ऊर्जा असते. आता हिशेब बघा. यानाला साडेचार किलोमीटरचाच वेग द्यायचा असेल तर सुरुवातीच्या वजनातलं ६३ टक्के इंधन हवं. नऊ किलोमीटर हवे असतील तर ८६ टक्के. साडेतेरा हवे असतील तर ९५ टक्के. प्रत्येक पायरीला उरलेलं सामान कमी कमी होत जातं.

वहीत एवढं लिहून ठेवायला सांगा: जाळायच्या रॉकेटमध्ये इंधन दोन कामं करतं. ऊर्जाही तेच देतं आणि मागे फेकायचं वजनही तेच असतं. नवीन इंजिनं बहुतेक सगळी ही दोन कामं वेगळी करू बघतात.

डोंबिवलीची_लेक • रात्री ११.३१

फळाताई, शेवटचा परिच्छेद वाचनखूण म्हणून साठवला.

दोन्ही कामं वेगळी केलेलं सर्वांत यशस्वी इंजिन म्हणजे आयन इंजिन. झेनॉन वायूच्या अणूंवरचा इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा आणि उरलेल्या आयनला विजेच्या दाबानं मागे फेकायचं. ऊर्जा सूर्याची, वजन झेनॉनचं. फेकण्याचा वेग सेकंदाला ३० किलोमीटरच्या घरात, म्हणजे वाफेच्या सहा-सातपट.

माझं सगळ्यांत आवडतं यान नासाचं डॉन. २००७ मध्ये उडालं, २०११ मध्ये व्हेस्टा या लघुग्रहाला पोचलं, वर्षभर त्याच्याभोवती फिरलं, तिथून निघून २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाच्या कक्षेत शिरलं. पृथ्वीपलीकडच्या दोन वेगवेगळ्या जगांच्या कक्षेत राहिलेलं पहिलं यान. झेनॉन किती? ४२५ किलो. तेवढ्यात सेकंदाला ११ किलोमीटरच्या वर वेगबदल मिळवला. रासायनिक इंजिनानं हा प्रवास त्या वजनात बसलाच नसता.

आपल्याकडेही हे आलं आहे. ५ मे २०१७ ला उडालेल्या जीसॅट-९ उपग्रहावर इस्रोनं झेनॉनवर चालणारं विद्युत प्रणोदन (विजेवर यान ढकलणारी यंत्रणा) पहिल्यांदा वापरलं.

लेथवाला_भांडुप • रविवार, सकाळी ७.४०

मी चाळीस वर्षं लेथ चालवला. समीकरणं येत नाहीत, धातू येतो. म्हणून दादरकरांच्या "जमाना सरत आला" या वाक्याला हरकत घेतो.

आपल्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन इथे विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात तयार होतं. मध्य रेल्वेनं रोज त्याच्या बाजूनं लाखो माणसं जातात. इंजिन म्हणजे जळतं भांडं असं लोकांना वाटतं. क्रायोजेनिक इंजिनात एका बाजूला उणे २५३ अंशांचा हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ३००० अंशांची आग, मध्ये काही मिलिमीटरची भिंत. भिंतीच्या आत बारीक नाल्या कोरलेल्या असतात, त्यातून तोच गार हायड्रोजन फिरवतात. जळायच्या आधी तो भिंत थंड ठेवतो. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

आणि सुधारणा थांबलेली नाही. इस्रोनं मे २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन धातूच्या भुकटीचे थर चढवून छापलं आणि ६६५ सेकंद पेटवून बघितलं. पूर्वी १४ सुटे भाग होते, आता एकच. १९ ठिकाणची वेल्डिंग गेली. पूर्वी एका इंजिनाला ५६५ किलो धातू घ्यायचे आणि बहुतेक सगळा कातून काढायचे, आता १३.७ किलो भुकटी पुरते. माझं आयुष्य किस झाडण्यात गेलं, त्यामुळे हा आकडा वाचून डोळ्यांत पाणी आलं. ही आनंदाची गोष्ट आहे. जमिनीवरून वर जायला पुढची पन्नास वर्षं तरी आगच लागणार.

गच्चीवरून_दादर • रविवार, सकाळी ८.१०

काका, हरकत शंभर टक्के मान्य. माझं वाक्य दुरुस्त करतो: वर चढायला आग, चढल्यावर पुढे काय ते ठरवायचं. लेकीला आयन इंजिन फार आवडलं. ती विचारते आहे, मग हेच सगळीकडे का लावत नाहीत?

डोंबिवलीची_लेक • रविवार, सकाळी ८.२५

कारण रेटा अगदी नाजूक असतो. डॉनच्या इंजिनाचा जास्तीत जास्त रेटा ०.०९ न्यूटन. दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवा, त्याहून जरासा जास्त. बाराशे किलोंच्या यानाला एवढ्या रेट्यानं ताशी ९० किलोमीटरचा वेग यायला चार दिवस लागतात. मात्र इंजिन थांबत नाही. महिनोन् महिने चालू राहतं, आणि अंतराळात हवेचा अडथळा नसल्यामुळे मिळालेला वेग वाया जात नाही.

विरार_फास्ट • रविवार, सकाळी ८.३१

चार दिवस! आमची गाडी अंधेरी सोडल्यावर बोरिवलीच्या आत तेवढा वेग पकडते. पण बोरिवलीला ती थांबते आणि डॉन वर्षानुवर्षं वेग वाढवत राहिलं. लेकीला असंच सांगा: लोकल आणि आयन इंजिन यांच्यात फरक स्टेशनांचा आहे.

पवई_रात्रपाळी • रविवार, दुपारी १.१५

एरोस्पेसमध्ये एमटेक करतो आहे, रात्री प्रयोगशाळेत असतो म्हणून उशीर. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा अजून आलेला नाही असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"आयन इंजिनाचा रेटा नाजूक" हे खरं आहे, पण दोष इंजिनाचा नाही. दोष सॉकेटचा आहे. रेट्याला बाहेर पडण्याच्या वेगानं गुणा आणि निम्मे करा, तेवढी शक्ती झोतात ओतावी लागते. १ न्यूटन रेटा ३० किलोमीटरच्या वेगानं हवा असेल तर १५ किलोवॅट झोतातच गेले. इंजिनाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर २५ किलोवॅट. आता आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आठवा. फुटबॉलच्या मैदानाएवढा त्याचा पसारा, त्यातल्या सौरपट्ट्यांतून सुमारे १०० किलोवॅट वीज. ती सगळीच्या सगळी आयन इंजिनांना दिली, तरी रेटा ४ न्यूटन. म्हणजे ४०० ग्रॅमचं वजन. पाव किलो भेंडी आणि थोडी कोथिंबीर.

फेकण्याचा वेग दुप्पट केला तर इंधन वाचतं, पण त्याच रेट्याला वीज दुप्पट लागते. इंधनाची काटकसर विजेच्या बिलात जाते. म्हणून पुढची इंजिनं कोणती, या प्रश्नाचं माझं उत्तर असं: इंजिनं बहुतेक तयार आहेत, वीजघर तयार नाही. एका किलो वीजघरामागे किती वॅट मिळतात, यावर सगळं अडलं आहे. जो कोणी हा आकडा पाचपट करेल तो मंगळ जवळ आणेल.

फळा_खडू • रविवार, दुपारी २.०२

पवईकर, फार सुंदर. भेंडीचं उदाहरण उद्या वर्गात वापरणार.

वेसाव्याचं_शीड • रविवार, संध्याकाळी ६.५०

मी कोळी. आजोबांच्या काळी गलबतांना शीड होतं, माझ्या वाट्याला डिझेल इंजिन आलं. डिझेलचा भाव वाढला की आजोबा आठवतात.

सूर्याच्या उजेडावर चालणारं शीड असतं असं वाचलंय. इंधनच नाही म्हणे. माझी शंका वेगळी आहे. वारा मागून असेल तर कुणीही शीड चालवेल. पण घरी परत यायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर यायचं. पाण्यात आपण होडी तिरकी तिरकी काढतो, कारण खाली पाणी धरून ठेवतं. तिथे खाली काहीच नाही. उजेड तर सूर्याकडून बाहेरच येणार. मग सूर्याकडे यायचं कसं?

पवई_रात्रपाळी • रविवार, रात्री ८.१०

शीडकाका, अशी शंका दर्या बघितलेल्यालाच येते. उत्तरही तुमच्याच शंकेत अर्धं आहे. खाली पाणी नाही, पण यान थांबलेलंही नाही. ते पृथ्वीसारखंच सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं गरगरत असतं. त्या वेगामुळेच ते सूर्यात पडत नाही. शीड असं तिरकं करायचं की परावर्तित उजेड यानाच्या पुढच्या दिशेला जाईल. मग धक्का मागे बसतो, फेरीचा वेग कमी होतो, आणि यान हळूहळू आतल्या कक्षेत उतरत सूर्याकडे येतं. उलट तिरकं केलं की बाहेर. पाण्याची जागा गुरुत्वाकर्षण घेतं.

आणि हे झालेलं आहे. जपाननं मे २०१० मध्ये इकारोस सोडलं. १४ मीटर बाजूचं चौकोनी शीड, जाडी साडेसात मायक्रोमीटर. काठांवर द्रव-स्फटिकाच्या पट्ट्या होत्या. वीज दिली की त्यांची चमक बदलते, मग एका काठाला धक्का जास्त, दुसऱ्याला कमी, आणि शीड वळतं. दोऱ्या नाहीत, डोलकाठी नाही.

वेसाव्याचं_शीड • रविवार, रात्री ८.२८

उजेडानं सुकाणू धरायचं. आज रात्री आजोबांना स्वप्नात हे सांगणार. ताकद किती म्हणाल?

फळा_खडू • रविवार, रात्री ९.१५

ताकदीचं मी सांगते, दादरकरांच्या सोयीनं. पृथ्वीच्या अंतरावर आरशासारख्या शिडाला एका चौरस किलोमीटरवर सुमारे ९ न्यूटन धक्का बसतो. शिवाजी पार्क साधारण २८ एकर. त्याएवढं शीड ताणलं तर धक्का १ न्यूटन, म्हणजे एका वडापावचं वजन.

हसू येईल, पण पुढे बघा. इकारोसच्या जाडीचा पडदा शिवाजी पार्कएवढा केला तर त्याचं वजन साधारण बाराशे किलो भरतं. सामान शून्य धरलं तर दिवसाला ताशी अडीचशे किलोमीटरची भर पडते, रोज, फुकट. डॉनपेक्षा दहापट वेगानं. अडचण आहे ती एवढा पडदा घडी घालून नेण्याची आणि न फाटता उलगडण्याची. पैठणीची घडी मोडताना जीव वरखाली होतो, इथे तर माणूसही नसणार.

गच्चीवरून_दादर • रविवार, रात्री ९.४०

आमच्या खिडकीतून शिवाजी पार्क दिसतं. लेक तिथे उभी राहून दहा मिनिटं नुसती बघत होती.

बाल्कनीतून_अणुशक्तीनगर • सोमवार, सकाळी १०.२०

निवृत्त आहे, आयुष्य अणुभट्ट्यांच्या उष्णतेच्या हिशेबात गेलं. अणूविषयी लिहितो, कारण दादरकरांनी पहिल्याच पोस्टमध्ये त्याच्यावर भरवसा टाकला आहे.

अणूचे दोन रस्ते. पहिला, भट्टीच्या उष्णतेनं हायड्रोजन तापवून सरळ मागे सोडायचा. काहीही जाळायचं नाही. हायड्रोजनचा रेणू वाफेच्या रेणूपेक्षा नऊपट हलका, त्यामुळे तापमान आगीपेक्षा कमी असूनही तो सेकंदाला आठ-साडेआठ किलोमीटरनं पळतो. रासायनिकच्या जवळजवळ दुप्पट, आणि रेटाही भरपूर. अमेरिकेनं १९५९ पासून नेवाडाच्या वाळवंटात अशी इंजिनं खरोखर चालवली. १९६८ मध्ये एका भट्टीनं ४००० मेगावॅटपर्यंत मजल मारली. १९७३ मध्ये पैसा आणि उत्साह दोन्ही आटले आणि काम बंद झालं.

दुसरा रस्ता पवईकरांच्या वीजघराचा. भट्टीतून वीज, विजेवर आयन इंजिन. इथे अडचण उष्णतेची आहे. एक मेगावॅट वीज काढायची तर दोन-तीन मेगावॅट उष्णता टाकून द्यावी लागते. मुंबईत मेच्या दुपारी वारा पडला की काय होतं ते आपण जाणतो. अंतराळात वारा कायमचाच पडलेला. समुद्र नाही, कूलिंग टॉवर नाही. उष्णता फक्त किरणांवाटे जाते, त्यासाठी मोठमोठे तापलेले पंख पसरावे लागतात. हे पंख जितके जास्त तापलेले तितके लहान चालतात, पण जास्त तापवले की भट्टीची कार्यक्षमता घटते. ही ओढाताण आमच्या धंद्यातली जुनी आहे.

सुरक्षेबद्दलही बोललंच पाहिजे. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत कॉसमॉस ९५४ हा भट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेत कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे बर्फावर विखुरले. ती भट्टी चालून झालेली होती, म्हणून धोका. न चालवलेलं युरेनियम त्या मानानं फार सौम्य असतं. म्हणून भट्टी उंच, सुरक्षित कक्षेत पोचल्यावरच सुरू करायची, हा नियम मी दगडावरची रेघ मानतो.

जाता जाता अभिमानाची गोष्ट: चांद्रयान-३ च्या प्रणोदन भागावर एकेक वॅटचे दोन किरणोत्सारी हीटर होते, ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे. सुरुवात एका वॅटनंच होते.

शंकासुर • सोमवार, दुपारी १२.४५

काकांचा पूर्ण आदर ठेवून असहमत.

१९७३ मध्ये बंद. मग जानेवारी २०२३ मध्ये नासा आणि डार्पा या अमेरिकी लष्करी संशोधन संस्थेनं ड्रॅको नावानं तेच पुन्हा जाहीर केलं, २०२७ मध्ये उडवू म्हणाले, आणि २०२५ मध्ये तेही रद्द. तीन पिढ्यांत एकही अणु-औष्णिक इंजिन उडालेलं नाही. त्यात द्रव हायड्रोजनचं घनफळ प्रचंड आणि तो महिनोन् महिने उकळू न देता साठवायचा कसा, हा प्रश्न वेगळाच.

माझ्या मते खरा रस्ता पंपाचा. पेट्रोल पंपाचा! मुंबईहून नागपूरला जाताना अख्ख्या प्रवासाचं डिझेल टपावर बांधून कोणी नेत नाही. कक्षेत इंधन भरा, समीकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतं. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्सनं दोन याने अंतराळात जोडून दाखवली. पंपाची पहिली अट तीच. चंद्रावरच्या पाण्याच्या खुणा चांद्रयान-१ वरच्या उपकरणानं २००९ मध्ये जगासमोर आणल्या. पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजन होतो. मंगळावर मॉक्सी या छोट्या यंत्रानं तिथल्या हवेतून १६ वेळा मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. परतीचा ऑक्सिजन तिथेच मिळाला तर केवढं ओझं वाचेल बघा.

लेथवाला_भांडुप • सोमवार, दुपारी १.३०

पंपाला माझं मत. यंत्र साधं असलं की दुरुस्त होतं.

बाल्कनीतून_अणुशक्तीनगर • सोमवार, दुपारी ३.०५

शंकासुर, रद्द झाल्याचं दुःख मलाही आहे, पण भौतिकशास्त्रानं ते रद्द केलेलं नाही. मंगळापर्यंत तुमचा पंप जिंकेल, हे मी आज मान्य करतो. गुरूपलीकडे मात्र काय कराल? जुनो यानाच्या सौरपट्ट्या पृथ्वीजवळ सुमारे १४ किलोवॅट देऊ शकतात, गुरूजवळ त्याच पट्ट्यांतून ५०० वॅटच्या आसपास. तिथे ऊन २५ पटींहून कमी. शनी, युरेनस, नेपच्यून इथे वीजघर सोबत न्यावंच लागेल.

शंकासुर • सोमवार, दुपारी ३.२०

गुरूपलीकडचं मान्य. मंगळाचं तुम्ही मान्य केलंत. बरोबरीत सोडवू.

चाळीतली_दिवाळी • सोमवार, रात्री ९.००

अवांतर: लहानपणी गिरगावात सुतळी बॉम्बवर डबा उपडा घालायचो. डबा दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत जायचा. यानामागे एकामागून एक बॉम्ब फोडत जाणारं इंजिन कुणी सुचवलं नाही का?

फळा_खडू • सोमवार, रात्री ९.३५

सुचवलं होतं, आणि फार मोठ्या डोक्यांनी. १९५८ पासून अमेरिकेत ओरायन प्रकल्पावर काम झालं, भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन त्यात होते. मागे अणुबॉम्ब फोडायचे, जाड पोलादी तबकडीवर धक्का झेलायचा, तबकडी आणि यान यांच्यामध्ये धक्के शोषणारे दांडे. १९५९ मध्ये साध्या स्फोटकांवर छोटं प्रारूप उडवूनही बघितलं, म्हणजे तुमचाच डबा. १९६३ च्या करारानं वातावरणात आणि अंतराळात अणुस्फोट करायला बंदी आली आणि प्रकल्प मिटला. मला विचाराल तर मिटला ते बरं झालं.

भटका_ठाणे • मंगळवार, सकाळी ९.१०

बंद डब्यात सूक्ष्मलहरी खेळवून काहीही न फेकता रेटा देणारं इंजिन होतं ना? एमड्राइव्ह?

पवई_रात्रपाळी • मंगळवार, सकाळी ९.४५

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गटानं २०२१ मध्ये अतिशय काटेकोर मोजमाप केलं. रेटा मिळाला नाही. आधी दिसलेला आभास तापून वाकणाऱ्या भागांमुळे होता. लोकलमध्ये बसून समोरचं बाक ढकललं तर गाडी पुढे जात नाही.

भटका_ठाणे • मंगळवार, सकाळी ९.५०

समजलं. वाचतोय.

डोंबिवलीची_लेक • मंगळवार, रात्री १०.२०

मूळ प्रश्न राहिला: दहाच महिने का?

ठरावीक काटकसरीच्या मार्गानं मंगळाला सुमारे २५९ दिवस लागतात. तो मार्ग दर २६ महिन्यांनी उघडतो. थोडं जास्त इंधन खर्चून नासाचं पर्सिव्हिअरन्स २०३ दिवसांत पोचलं. आणि खरी गंमत ऐका. मरिनर-७ १९६९ मध्ये १३१ दिवसांतच मंगळाजवळ पोचलं होतं! कारण त्याला थांबायचं नव्हतं, ते बाजूनं फोटो काढत निघून गेलं.

म्हणजे लवकर पोचणं अर्धंच अवघड. लवकर पोचून थांबणं पूर्ण अवघड. मंगळयानाला मंगळाच्या कक्षेत शिरण्यासाठी वेग कमी करायला सुमारे २३ मिनिटं इंजिन चालवावं लागलं, त्यात अडीचशे किलो इंधन गेलं. तेसुद्धा जवळजवळ ३०० दिवस झोपलेलं इंजिन. दोन दिवस आधी ते चार सेकंद पेटवून बघितलं होतं. त्या चार सेकंदांत मी ऑफिसात श्वास रोखून बसले होते.

पवई_रात्रपाळी • मंगळवार, रात्री ११.०५

+१. मंगळाच्या हवेतच ब्रेक लावता येतो. नासाच्या एमआरओ यानानं २००६ मध्ये काही महिने वातावरणाच्या वरच्या थराला घासत घासत कक्षा लहान केली. एकाच डुबकीत थेट पकड घेणं मात्र दुसऱ्या ग्रहावर अजून कुणी केलेलं नाही. ते जमलं तर वाचलेलं इंधन जाताना जोरात निघायला वापरता येईल.

माणसांसाठी घाईला कारणही आहे. नासाच्या क्युरिऑसिटी या मंगळावरच्या गाडीनं जाताना मोजलेला किरणोत्सार दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप) होता. यंत्रं, अन्न, घराचे भाग आयन इंजिनानं सावकाश पुढे पाठवावेत, माणसांनी मागून जोरदार इंजिनानं जावं. लेकीला सांगा, तिच्या वेळी माणसांना सहा-सात महिने लागतील. पंप, हवेतला ब्रेक आणि अणू यांतलं दोन काही जमलं, तर चार.

लेथवाला_भांडुप • बुधवार, सकाळी ७.१५

दादरकर, मुलीला हातानं करायला काहीतरी द्या. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, थोडं पाणी, सायकलचा पंप. बुचाला बसेल असं पितळी नोझल मी कातून देतो, भोक ९ मिलिमीटर ठेवतो. भांडुप स्टेशनला येऊन घेऊन जा.

फळा_खडू • बुधवार, सकाळी ७.५०

उत्तम! बाटली जाड सोड्याचीच घ्या, साध्या पाण्याची नको. आणि पंप मारताना मुलांना लांब उभं करा.

गच्चीवरून_दादर • रविवार, सकाळी ९.३०

काकांचं नोझल शुक्रवारी आणलं, चहाही झाला. आज सहा वाजता सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत प्रयोग केला. पंपाचे झटके दर वेळी तेवढेच. तिच्या वहीतून उतरवतो आहे:

नुसती हवा, पाणी नाही: पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत.
एक तृतीयांश पाणी: गच्चीच्या वर. बाटली शेजारच्या आवारात पडली, वॉचमनकाकांनी परत दिली.
दोन तृतीयांश पाणी: दुसऱ्या मजल्यापर्यंत, आणि सगळ्यांचे कपडे ओले.

खाली तिनं लिहिलं आहे: "पाणी म्हणजे मागे फेकायचं वजन. दाबलेली हवा म्हणजे ऊर्जा. दोन्ही वेगळी आहेत. पाणी जास्त भरलं तर हवेला जागा उरत नाही."

आणि त्याच्याखाली लाल पेनानं: "इथे पंप बाबांनी मारला. तिकडे कोण मारणार?"

पवई_रात्रपाळी • रविवार, सकाळी ९.४१

दादरकर, तिला आमच्या इन्स्टिट्यूटचा पुढचा खुला दिवस कधी आहे ते मी कळवतो. वही घेऊन यायला सांगा. लाल पेनाच्या ओळीसकट.

लेथवाला_भांडुप • रविवार, सकाळी १०.०५

आता ७ मिलिमीटरचं एक आणि ११ चं एक करतो. तिला म्हणावं, पाणी एक तृतीयांशच ठेव, फक्त भोक बदल.